चाळीस घरांच्या साक्षीने

घर विकण्याची वेळ सामान्य मनुष्यावर आयुष्यात एखाद्याच वेळी येते. दलालाचा मात्र तो नित्याचा व्यवहार असतो. ह्या विषमतेतच दलालाच्या निवडीचा सारा प्रश्न साठलेला आहे. मालकाला बाजारभाव ठाऊक नसतो, गिऱ्हाईक ठाऊक नसते. आणि ज्याला हे सर्व ठाऊक असते, त्याच्याच हाती त्याला जन्माची पुंजी सोपवावी लागते. श्रोतेहो, ही अडचण आजची नव्हे. पूर्वीच्या लोकांनी तिच्यावर कोणते उपाय योजले, हे पाहिले तर आजच्या निवडीवरही काही प्रकाश पडण्यासारखा आहे.

म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात वास्तुविक्रयाचा विचार आला आहे. घर घेण्याचा पहिला मान भाऊबंदांचा, त्यानंतर शेजाऱ्यांचा, त्यानंतर धनकोंचा. त्यांच्यापैकी कोणी पुढे न आल्यास मग परक्याचा. विक्री जाहीर करावयाची ती घरासमोर, शेजारच्या चाळीस कुटुंबांच्या देखत. ‘ह्या किमतीला कोण घेतो?’ असा पुकारा तीनदा व्हावयाचा, आणि हरकत न आल्यास घेणाऱ्याला घर मिळावयाचे. चढाओढीने किंमत वाढलीच, तर ती वाढ शुल्कासह राजाच्या कोशात जावयाची. म्हणजे मालकाच्या नफ्याची चिंता कौटिल्याला फारशी नव्हती. परंतु एक गोष्ट त्याने पक्की केली होती: किंमत चाळीस घरांनी ऐकलेली असे, आणि एकाला एक व दुसऱ्याला दुसरी सांगण्याची सोयच उरत नसे.

पुढे मुसलमानी कायद्यातील ‘शुफा’ ह्या हक्काने भागीदाराचा व शेजाऱ्याचा अग्रमान वेगळ्या रूपाने मान्य केला. गुजरातच्या काही शहरांत तो हिंदूंमध्येही रूढीने पाळला जात असे. स्वतंत्र भारतात, १९६२ साली, सर्वोच्च न्यायालयाने केवळ शेजारीपणावर आधारलेला असा हक्क संविधानाशी विसंगत ठरविला; भागीदाराचा हक्क मात्र टिकविला. मालकाचे स्वातंत्र्य वाढले, हे खरेच. पण आता घराचा ग्राहक म्हणजे बहुधा अनोळखी मनुष्य. त्याला शोधून आणावयाचे, तर मध्ये कोणीतरी हवाच.

तो मध्यस्थ म्हणजे दलाल. हा शब्द मूळ अरबी; त्याचा अर्थ दाखविणारा, वाट सांगणारा. बाजारात त्याची परंपरा मोठी आहे. पण त्याच बाजारात झाकून सौदा करण्याची रीतही होती. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये ह्याने १६७६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात हिऱ्यांच्या व्यापाराची हकिगत दिली आहे. विकणारा व घेणारा समोरासमोर बसून, वस्त्राखाली एकमेकांचा हात धरून, बोटांच्या खुणांनी किंमत ठरवीत. भोवतालच्यांना आकडा कळत नसे. दोन जाणत्या व्यापाऱ्यांना ही रीत शोभली असेल. पण वस्त्राखालचे दोन्ही हात दलालाच्या ओळखीचे, आणि मालक मात्र बाहेर उभा, असे झाले म्हणजे घर स्वस्तात जाते.

ह्या धोक्याची जाणीव १८७२ च्या भारतीय करार कायद्यात स्पष्ट दिसते. त्याच्या २१५ व्या कलमाखालचे उदाहरण आजही वाचण्याजोगे आहे. मालकाने मिळकत विकण्यास सांगितली. दलालाने ती तिसऱ्याच्या नावावर स्वतःच घेतली. महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपविली, किंवा व्यवहार आपल्याला तोट्याचा झाला, असे मालकाने दाखविले, तर तो ती विक्री नाकारू शकतो. २२० वे कलम तर सांगते की कामात गैरवर्तन करणाऱ्याला त्या भागापुरता मोबदलाही मागता येत नाही.

२०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे विकून देणाऱ्या दलालांना नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रात २०२३ पासून त्यांच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही ठरविण्यात आली. परंतु इंदूर, बडोदे वा बेळगाव येथील वडिलोपार्जित घर विकणाऱ्याचे घर बहुधा अशा प्रकल्पातले नसते. त्याला आधार १८७२ च्या कायद्याचा, आणि त्याहून अधिक स्वतःच्या सावधपणाचा.

तो सावधपणा म्हणजे काय? दलाल किती गोड बोलतो, किती मोठा भाव सांगतो, ह्यावरून त्याची परीक्षा होत नाही. मोठा आकडा सांगून घर ताब्यात घ्यावे व मग महिन्यामहिन्याने तो उतरवीत न्यावा, हा डाव जुनाच आहे. त्याला तीन प्रश्न विचारावे. गेल्या वर्षात ह्याच पेठेत कोणती घरे किती किमतीला विकून दिली? दलाली एकाकडून घेणार की दोघांकडून? आणि ग्राहकाने देऊ केलेला प्रत्येक आकडा मला कळविणार काय? उत्तरे कागदावर लिहून, सहीसह घ्यावी. जो लिहून देण्यास कचरतो, त्याला नमस्कार करून पुढचे दार ठोठवावे.

चाळीस घरांची साक्ष आज मिळावयाची नाही. त्यांच्या जागी तो एक सही केलेला कागद आहे. किंमत उघड्यावर यावी, हे कौटिल्याने सांगितलेले तत्त्व त्या कागदाने सांभाळले जाते, आणि आज त्या वाढलेल्या किमतीचा धनी राजा नसून मालकच असतो.