फुंकणी विरुद्ध भट्टी : जोडलेल्या काचेची गोष्ट

आज काचेचा इतिहास. पण फुंकून फुगवलेल्या काचेचा नाही, तर तुकड्यावर तुकडा ठेवून भट्टीत एकजीव केलेल्या काचेचा. हिला म्हणतात फ्यूज्ड ग्लास. हल्ली हौशी लोक टेबलावर मावणाऱ्या विजेच्या भट्टीत घरीच ही कला करतात. नवीन फॅड वाटतं ना? उलट, फुंकणीच्या कितीतरी आधीची ही पद्धत आहे.

मेसोपोटेमियात सुमारे ३५०० वर्षांपूर्वी रंगीत तुकडे शेजारी शेजारी मांडून, तापवून भांडी बनायची. पुढे भूमध्य समुद्राकाठचे कारागीर रंगीत कांड्यांची जुडी करून ती तापवून ओढायचे आणि तिच्या चकत्या पाडायचे. अळूवडीचा उंडा कापल्यावर आत नक्षी दिसते ना, तशी. मग चकत्या जोडून थाळी, आणि थाळी साच्यावर वाकवून वाडगा. काम सुंदर, पण वेळखाऊ.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनच्या पट्ट्यात फुंकणी आली. एका फुंकरीत बाटली तयार! काच सामान्य माणसाच्या घरात पोचली, ती या फुंकणीमुळेच. त्यामुळे मी तिला व्हिलन म्हणणार नाही. पण भट्टीतली संथ कला हळूहळू मागे पडली.

आता थेट १९४८, शिकागो. मायकेल आणि फ्रान्सिस हिगिन्स या जोडप्याने राहत्या अपार्टमेंटमध्येच काचेचा स्टुडिओ थाटला. काचेच्या दोन थरांमध्ये इनॅमलचे रंग भरायचे आणि भट्टीत सगळं एक करायचं, ही त्यांची पद्धत.

पण वेगवेगळ्या रंगांच्या काचा जोडायच्या, तर खरी पंचाईत पुढे होती. प्रत्येक काच तापल्यावर वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावते. बाजारात ९० आणि ९६ अशा आकड्यांच्या काचा मिळतात. मी हिशोब करून पाहिला : दोन्हींच्या १० सेंटीमीटरच्या पट्ट्या जोडल्या आणि ५०० अंशांवरून थंड केल्या, तर आकुंचनात फरक पडतो जेमतेम ०.०३ मिलिमीटर. केसाच्या जाडीपेक्षा कमी! तेवढ्यावर काच तडकते. कधी भट्टीत, कधी काही दिवसांनी शेल्फवर ठेवल्या ठेवल्या.

१९७४ साली अमेरिकेत पोर्टलंडला सुरू झालेल्या बुल्सआय कंपनीने पुढे एकमेकींशी जुळतील अशा, तपासलेल्या रंगीत काचा विकायला आणल्या. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला कंपॅटिबिलिटी म्हणतो, तेच हे. घरगुती भट्टीला खरं बळ मिळालं ते यातून.

म्हणून घरी करून बघायचं असेल, तर खिडकीची काच आणि सरबताची बाटली एकत्र घालू नका. काच जुळते साधारण ८०० अंशांना, पण टिकते ती नंतर ५०० च्या आसपास थांबवून सावकाश थंड केल्यावर. भट्टी उघडायची घाई केलीत, तर सगळी मेहनत पाण्यात. फुंकणीने वेळ वाचवला. भट्टी आजही तो पुरेपूर वसूल करते.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!