मेजबान कोण? घरच्या गेम सर्व्हरचा इतिहास

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ११८ ॲप्सवर बंदी घातली. त्या यादीत पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला या गेमची भारतातली सेवाही थांबली. मुलांच्या हातात फोन होते, फोनमध्ये इंटरनेट होते, मित्रही तेच होते. खेळ मात्र गेला. त्या काळात दोनच चर्चा चालल्या, एक चीनची आणि दुसरी मुलांच्या व्यसनाची. दोन्ही गरजेच्या होत्या. तिसरा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. हा खेळ राहतो कुठे? कुणाच्या घरी?

चार जण मिळून एखादा गेम खेळतात, तेव्हा कुठला तरी एक कॉम्प्युटर हिशेब ठेवतो. कोण कुठे उभा आहे, कुणाची गोळी कुणाला लागली, कोण हरला, हे तो ठरवतो. त्याला सर्व्हर म्हणतात. त्याच अर्थाने होस्ट हा शब्दही चालतो. होस्ट म्हणजे मराठीत यजमान, उर्दूत मेजबान. हा शब्द मला फार नेमका वाटतो. ज्याच्या घरी मैफल, त्याचे दार आणि त्याचेच नियम. मल्टिप्लेअर गेमचा सगळा इतिहास या मेजबानीभोवती फिरतो.

सुरुवात एका विद्यापीठात झाली. १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा खेळ लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टलने तो वाढवला. त्यात चित्रे नव्हती, फक्त अक्षरे होती. 'उत्तरेला जा' असे टाइप केले की पुढच्या जागेचे वर्णन पडद्यावर उमटे, आणि तिथे दुसरा खराखुरा माणूस भेटू शके. मशीन विद्यापीठाचे होते. त्यामुळे बाहेरच्या खेळाडूंना रात्री उशिरा, मशीन मोकळे असेल तेव्हाच आत घेत. मेजबान विद्यापीठ आणि वेळही त्याचीच.

ही मेजबानी घराघरांत पोहोचली ती नव्वदच्या दशकात. १० डिसेंबर १९९३ रोजी 'डूम' आला. केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरांवर चार जण एकत्र खेळू शकत. पहिल्या आवृत्तीने कार्यालयांची नेटवर्क इतकी तुंबवली, की इंटेलसारख्या कंपनीला त्यावर बंदी घालावी लागली. १९९६ साली त्याच मंडळींनी 'क्वेक' आणला आणि सर्व्हरचा प्रोग्राम थेट खेळाडूंच्या हाती दिला. आता कुणीही आपल्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवावा आणि मित्रांना बोलवावे. 'काउंटर-स्ट्राइक' याच मोकळिकीतून जन्मला. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन हौशी तरुणांनी 'हाफ-लाइफ' या गेममध्ये बदल करून १९९९ साली तो बनवला. कंपनीने पुढच्या वर्षी तो विकत घेऊन बाजारात आणला.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. घरी कॉम्प्युटर असणे तेव्हा श्रीमंती होती. त्यामुळे आपला पहिला मेजबान ठरला सायबर कॅफेवाला. तासावर पैसे घेणाऱ्या त्या खोल्यांत दुपारनंतर 'काउंटर-स्ट्राइक' आणि 'एज ऑफ एम्पायर्स' चाले. बाहेरचे इंटरनेट रडतखडत चालायचे, पण खेळाला त्याची गरजच नव्हती. एका पोराने सर्व्हर सुरू करायचा, १९२.१६८ पासून सुरू होणारा आकडा ओरडून सांगायचा आणि बाकीच्यांनी तो टाइप करायचा. सगळा खेळ त्या चार भिंतींत. हरलेला आणि जिंकलेला एकाच बाकावर. आयपी ॲड्रेस म्हणजे काय, हे त्या पिढीतली बरीच मुले अशीच शिकली.

वसतिगृहांत हे आणखी जोरात होते. मार्च २००७ मध्ये आयआयटी मुंबईने वसतिगृहांतले इंटरनेट रात्री ११ पासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवायचा निर्णय घेतला. मुले रात्रभर गेम आणि सर्फिंगमध्ये बुडालेली असतात, सकाळच्या तासांना येत नाहीत, एकमेकांत मिसळत नाहीत, ही प्रशासनाची तक्रार होती. शिक्षक म्हणून ती चिंता मला कळते. पण एक फरक ध्यानात घ्यायला हवा. तिथे नियम करणारी संस्था समोर होती. विद्यार्थी तिच्याशी भांडू शकत होते, तडजोड मागू शकत होते.

पुढे मेजबानीचे दार खेळाडूंच्या हातून निसटत गेले. नोव्हेंबर २००९ मध्ये 'मॉडर्न वॉरफेअर २' आला, तेव्हा कॉम्प्युटरवरच्या खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवायची सोय काढून टाकली होती. ३१ मे २०१४ रोजी गेमस्पाय ही जोडणी-सेवा बंद झाली आणि तिच्यावर विसंबलेल्या अनेक जुन्या गेमचे ऑनलाइन खेळणे थांबले. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने 'द क्रू'चे सर्व्हर बंद केले. पैसे मोजून विकत घेतलेला गेम चालेनासा झाला. त्यावरून युरोपात नागरिकांची मोहीम उभी राहिली आणि २०२५ मध्ये तिने १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला.

आपल्याकडची बहुसंख्य मुले या इतिहासाच्या शेवटच्या पानावर खेळात उतरली. २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला. तालुक्याच्या गावांतल्या मुलांना कॅफेतला खेळ माहीत नव्हता, पहिलाच मल्टिप्लेअर गेम थेट फोनवर मिळाला. कंपनीच्या बाजूनेही बोलायला हवे. १०० अनोळखी माणसांना एका सामन्यात आणणे, लबाडी पकडणे, हे घरच्या लॅपटॉपचे काम नाही. पण त्याची किंमत असते. पबजीच्या जागी २ जुलै २०२१ रोजी बीजीएमआय आला, २८ जुलै २०२२ रोजी तोही ॲप स्टोअरवरून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. या सगळ्यात खेळणाऱ्याला कुणी काही विचारले नाही.

चांदवडच्या माणसाला हे समजावे असा दाखला गावातच आहे. होळकरांच्या काळात इथे टांकसाळ होती, चांदवडचा रुपया आसपासच्या मुलखात चाले. १८१८ नंतर इंग्रजी अंमल आला आणि पुढे ती टांकसाळ बंद पडली. एकच नाणे सगळीकडे चालू लागले, यात व्यापाऱ्याची सोयच झाली. पण नाणे कसे असावे, हे ठरवणारा आता गावात राहिला नाही.

मग आज घरी सर्व्हर उभारता येतो का? येतो. 'माइनक्राफ्ट' हा गेम २००९ साली पहिल्यांदा लोकांसमोर आला. त्याच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर प्रोग्राम आजही फुकट मिळतो. चार-पाच मित्रांसाठी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप भागवतो. एकाच घरात, एकाच वायफायवर असाल तर अडचण नाही. मित्र दुसऱ्या मोहल्ल्यात असेल, तर खरी अडचण सुरू होते.

जुन्या पद्धतीच्या इंटरनेटवर एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या वाट्यावर आला. मग अनेक कंपन्यांनी एकच बाहेरचा पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटायला सुरुवात केली. चाळीला एकच घर क्रमांक दिला, तर पोस्टमन पत्र कुणाला देणार? तुमच्या राउटरवर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही अशाच चाळीत आहात. राउटरमध्ये २५५६५ हा माइनक्राफ्टचा पोर्ट कितीही उघडा, मित्र आत येणार नाही. उपाय तीन: कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागणे, दोन्हीकडे आयपीव्ही ६ असेल तर ते वापरणे, किंवा टेलस्केलसारख्या प्रोग्रामने मित्रांचे कॉम्प्युटर एका खासगी जाळ्यात जोडणे. तिसरा उपाय सर्वांत सोपा, आणि त्यात घराचे दार सगळ्या जगाला उघडावे लागत नाही.

इथेही एक मेख आहे. माइनक्राफ्टचा सर्व्हर तुमच्या घरात असला, तरी खेळाडूची ओळख नेहमीच्या सेटिंगमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्यावरूनच तपासली जाते. पूर्ण मेजबानी हवी असेल, तर 'लुआंटी' आहे. पूर्वी त्याचे नाव मायनटेस्ट होते. तो मुक्त सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, आणि कुठल्याही कंपनीच्या खात्याशिवाय चालतो.

मेजबानी म्हटली की जबाबदारीही आली. कोण आत येईल त्याची यादी करणे, शिवीगाळ करणाऱ्याला बाहेर काढणे, वीज जाणार हे गृहीत धरून रोज खेळाची प्रत काढून ठेवणे, आणि सर्व्हर रात्री किती वाजता बंद होणार हे आधीच सांगणे. पालकांना आणि आम्हा शिक्षकांना मुलांच्या खेळाबद्दल जी काळजी वाटते, तिचे बरेचसे उत्तर या चार कामांत आहे. परक्याच्या सर्व्हरवर ही कामे मुलाला कुणी शिकवत नाही. स्वतःच्या सर्व्हरवर ती केल्याशिवाय आठवडाभरही खेळ चालत नाही. म्हणून घरात जुना लॅपटॉप पडून असेल आणि मुलगा किंवा मुलगी तो सर्व्हरसाठी मागत असेल, तर लगेच नाही म्हणू नका. आधी विचारा, कोणाकोणाला बोलावणार आहेस?