आण्णांची जीप आणि माझा एक विद्यार्थी

मंडळी, महिनाभर काही लिहिलं नाही म्हणून दोघातिघांनी फोन करून चौकशी केली. प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी. मी आण्णांच्या जीपच्या मागे लागलो होतो.

आण्णा म्हणजे आमचे थोरले बंधू. त्यांनी १९७८ साली महिंद्राची एक पेट्रोल जीप जुन्यात घेतली आणि मागं लाकडी फळ्यांचा हौदा करून घेतला. आजच्या भाषेत पिकअप. दुधाचे कॅन, सुगीत आंबेमोहोराची पोती, लग्नसराईत वऱ्हाड... मुळशीहून पुण्याला सगळं तिनंच नेलं. आण्णा जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती गोठ्याशेजारी उभी होती. चालू व्हायची, पण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की बंद, आणि खाली पेट्रोल ठिबकायचं. पुतण्या म्हणाला, "काका, भंगारवाला बघून गेलाय. आता हिचा कार्बोरेटर खोलणारा कोण राहिलाय?"

मी म्हटलं, "एक आहे. पौडला."

म्हटलं खरं, पण मनातून अवघडलो. कारण तो माझा विद्यार्थी. का अवघडलो ते पुढे सांगतो. इतिहासाचा मास्तर असल्यामुळे आधी थोडा इतिहास!

जीप ही मुळात लढाईची गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या काही 'डिस्पोजल'च्या मालात निघाल्या. १९४५ साली मुंबईत 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. या कंपनीनं विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे भागही इथेच होऊ लागले. तो काळ परकीय चलनाच्या टंचाईचा. बाहेरून वस्तू आणायची तर परवाना लागे. त्यामुळे बिघडलेली वस्तू फेकून नवी घालणं ही चैन कुणालाच परवडत नव्हती. जे आहे तेच उघडा, साफ करा, जोडा. गावोगावचे मिस्त्री या टंचाईतून तयार झाले.

आता कार्बोरेटर. पेट्रोल नुसतं ओतून इंजिन चालत नाही. त्याचे तुषार करून हवेत मिसळावे लागतात, साधारण १ भाग पेट्रोलला वजनानं १५ भाग हवा. जर्मनीच्या मायबाखनं १८९३ च्या सुमारास तुषार उडवणारा कार्बोरेटर केला. तत्त्व त्याहून जुनं. वाहती हवा अरुंद गळ्यातून जाऊ लागली की तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. बर्नुलीनं १७३८ साली प्रवाहातल्या वेगाचा आणि दाबाचा संबंध मांडला आणि इटलीच्या व्हेंचुरीनं १७९७ साली अरुंद होत जाणाऱ्या नळीवरचे प्रयोग छापले. कार्बोरेटरच्या गळ्यात हेच घडतं. दाब कमी झाला की शेजारच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून आपोआप वर ओढलं जातं. त्या भोकाला म्हणतात जेट. ना वीज, ना कॉम्प्युटर!

मिस्त्री, म्हणजे माझा विद्यार्थी, एका रविवारी सकाळी घरी आला. वय पन्नाशीच्या पुढे, डोकं पांढरं. मी 'या' म्हणालो तर म्हणाला, "गुरुजी, मला 'ये' म्हणा." मग अंगणात पोतं अंथरून बसला.

पाइप आणि केबल सोडवून त्यानं कार्बोरेटर उतरवला. सोलेक्सचा. वाटी उघडली तर तळाशी पांढरट पिवळी भुकटी. "हे इथेनॉलचं, गुरुजी." आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की आतला धातू गंजतो, जुनं रबर फुगतं नाहीतर कडक होतं. पंपाचा पडदा तर पापडासारखा मोडला.

पितळी फ्लोट त्यानं कानाशी धरून हलवला आणि मग गरम पाण्याच्या तपेल्यात बुडवला. एका कडेनं बारीक बुडबुडे आले. भोक सापडलं! फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं की तो जड होतो, तरंगत नाही, सुई बंद होत नाही आणि वाटी भरून वाहते. म्हणून ते ठिबकणं. आतलं पेट्रोल पुरतं काढून, वाळवून मगच त्यानं डाख दिला.

जेट साफ करायला पुतण्यानं तार पुढे केली तर त्याचा हात धरला. "तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. हवा मारायची." मग जेटवरचा आकडा मला दाखवला, ११५. म्हणजे भोकाचा व्यास १.१५ मिलिमीटर. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रणात इंधन अपुरं पडतं. म्हणून त्यानं नाना पेठेतून किटबरोबर १२० चा जेटही आणला होता.

एवढं बारीक गणित करणारा हा मुलगा माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. एकदा मी त्याला उभं करून मुळशी सत्याग्रहाचं साल विचारलं. त्याला आलं नाही. आपल्याच तालुक्याचा इतिहास येत नाही म्हणून मी त्याला तासभर वर्गाबाहेर उभा केला, शिवाय "तुझ्या हातून काही व्हायचं नाही" असंही बोललो.

जेवायला बसलो तेव्हा मी तो विषय काढला. म्हटलं, चुकलो तेव्हा. तो हसला. म्हणाला, "साल आठवत नव्हतं, गुरुजी. गाव कुठं आहे ते ठाऊक होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आजा बोट करून दाखवायचा."

त्याच्या आज्याचं गाव धरणात गेलेलं, आणि मी त्याला साल विचारत होतो! १९२१ च्या रामनवमीला मावळे त्या धरणाविरुद्ध बसले. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून 'सेनापती' झाले. लढा १९२४ पर्यंत चालला, हरला. टाटांचं धरण झालं, पाणी घाटाखाली भिऱ्याला पडू लागलं, वीज मुंबईला गेली. मी नोकरीला लागलो तेव्हा शाळेत कंदील होता. हे सगळं मी वर्षानुवर्षं शिकवलं. पण समोरच्या बाकावर कुणाचं काय बुडालं आहे, हे एकदाही विचारलं नाही.

दुपारी तो काम करत होता तेव्हा वाटलं, आमच्या मुळशीत आलेलं पहिलं मोठं यंत्र हे धरण. ते कुंपणाआड होतं, आम्हाला लांबूनच दिसलं. जीप मात्र दारात आली आणि पान्यानं उघडली. ज्याचं गाव यंत्रानं नेलं त्याच्या नातवानं यंत्र हातात घेतलं. हा इतिहास माझ्या पुस्तकात नव्हता.

कार्बोरेटर गेला याचं मात्र रडगाणं गाणार नाही. त्याचा धूर मुंबई-पुण्याच्या लोकांनी बराच गिळला आहे. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याला मिश्रण अगदी नेमकं लागतं, ते काम इलेक्ट्रॉनिक इंजेक्शननं घेतलं. २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. हे योग्यच झालं. फक्त यंत्र पुन्हा कुंपणाआड गेलं, एवढंच.

पाच वाजता त्यानं हवेचा स्क्रू हलकेच पूर्ण आत फिरवला, दीड आटा बाहेर काढला आणि मग डोळे मिटून, कान देऊन थोडा थोडा फिरवत राहिला. खोकणारं इंजिन एका जागी आलं आणि एका लयीत चालू लागलं. पुतण्या काही बोलला नाही, पण भंगारवाल्याला त्यानंच फोन करून नाही म्हणून सांगितलं.

मजुरी घेईना. शेवटी मी मास्तरकीचा आवाज काढला तेव्हा घेतली. जाताना म्हणालो, पुढच्या रविवारी पुतण्याला घेऊन येतो, त्याला शिकव. आणि मलाही.

"तुम्ही काय शिकणार, गुरुजी?"

म्हटलं, "तुझ्या आज्याचं गाव दाखव. जीपनंच जाऊ."