विद्यार्थी मंडळांचे दप्तर : मुंबई उपनगरे

महाविद्यालयांतील भाषावार व बहुभाषक विद्यार्थी मंडळांच्या वह्या, अंक, पत्रके, छायाचित्रे आणि हिशेब यांचा संग्रह. अंधेरी, विलेपार्ले, जोगेश्वरी, घाटकोपर, विद्याविहार, मुलुंड या पट्ट्यातील महाविद्यालयांत मराठी वाङ्मय मंडळ, गुजराती साहित्य मंडळ, हिंदी साहित्य परिषद, उर्दूची बज्म-ए-अदब, संस्कृत मंडळ, नाट्यमंडळ, वादविवाद मंडळ अशा नावांनी ही मंडळे चालत आली आहेत. वेगवेगळ्या घरभाषांची मुले एका छताखाली कशी वागली, कशावर भांडली आणि कशासाठी एकत्र आली, हे या कागदांइतके नेमके दुसरीकडे कुठे सापडत नाही.

पूर्वपीठिका : विद्यार्थ्यांनी आपापल्या भाषेत सभा भरवाव्यात आणि तरीही एकाच संस्थेत राहावे, ही रीत मुंबईत विद्यापीठापेक्षाही जुनी आहे. विद्यापीठ १८५७ चे. त्याआधी १८४८ मध्येच एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी प्रा. पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड ही त्या वर्तुळातली माणसे. सोसायटीच्या दोन देशी शाखा होत्या : मराठी ज्ञानप्रसारक सभा आणि गुजराती ज्ञानप्रसारक मंडळी. मराठी सभेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते. १८४९ मध्ये सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला सभासदांनीच तिथे शिकवले. एल्फिन्स्टनमध्येच शिकलेल्या गुजराती लेखक नर्मदने ‘मंडळी मळवाथी थता लाभ’ हा निबंध लिहिला. गुजराती गद्यातील या अगदी आरंभीच्या निबंधाचा विषय मंडळी स्थापन करण्याचे फायदे हाच आहे. या सभांमधले पुष्कळसे निबंध मासिकांतून छापले गेले, म्हणून आज हाती लागतात. हस्तलिखित राहिले त्यातले फार थोडे उरले. पुढच्या दीडशे वर्षांतही हेच होत आले.

उपनगरांत १९३० साली सर मोहंमद युसुफ यांच्या देणगीतून जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसुफ हे सरकारी महाविद्यालय सुरू झाले. भारतीय विद्या भवनने अंधेरीत १९४६ मध्ये महाविद्यालय काढले. नंतरची भरती मुख्यतः १९५९ ते १९८४ या काळातली : विद्याविहारला सोमैया, पार्ल्याला पार्ले कॉलेज (आजचे साठ्ये) आणि मिठीबाई, घाटकोपरला रामनिरंजन झुनझुनवाला, मुलुंडला आधी कॉमर्स कॉलेज आणि मग वझे. जवळपास प्रत्येक संस्थेमागे एखाद्या भाषिक समाजाचा पैसा आणि कष्ट आहेत. पार्ल्यात रेल्वेच्या पूर्वेला पार्ले टिळक विद्यालय असोसिएशन ही मराठी संस्था, तर पश्चिमेला केळवणी मंडळ ही गुजराती. झुनझुनवालाच्या मागे हिंदी विद्या प्रचार समिती. पण वर्गात बसणारी मुले एका समाजाची कधीच नव्हती. मुलुंड-घाटकोपरला कच्छी, गुजराती, मराठी, सिंधी, तमिळ घरांतली मुले एकाच बाकावर बसली. त्यामुळे संस्था एका भाषेची आणि मंडळे चार भाषांची, ही उपनगरांची खास घडण झाली. मंडळांच्या दप्तराचे महत्त्वही यातूनच येते.

अमेरिकेतील विद्यापीठांत अशा मंडळांना जवळची गोष्ट म्हणजे ग्रीक अक्षरांची नावे घेणारे बंधुसंघ आणि भगिनीसंघ. १७७६ च्या फाय बीटा कप्पापासून ही परंपरा सुरू होते. गोऱ्यांच्या संघांत दारे बंद असल्यामुळे १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा स्थापला. १९८१ मध्ये रटगर्स विद्यापीठात म्यू सिग्मा अप्सिलॉन हा बहुसांस्कृतिक भगिनीसंघ उभा राहिला. अशा संघांचे कागद तिकडे विद्यापीठाच्या अभिलेखागारात खोकेवार लावलेले मिळतात, कारण अशा संघाचे सभासदत्व जन्मभराचे असते, माजी सभासद वर्गणी देत राहतात आणि अनेक संघांना स्वतःचे घरही असते. आपल्याकडचे मंडळ जूनमध्ये जन्मते आणि फेब्रुवारीच्या स्नेहसंमेलनानंतर विसर्जित होते. मुले लोकलने येतात, लोकलने घरी जातात. कार्यवाह टी.वाय. झाला की सुटला. मंडळाला ना खोली, ना कपाट. दप्तर राहते ते प्रमुख प्राध्यापकांच्या स्टाफरूममधल्या खणात, आणि प्राध्यापक निवृत्त झाले की खण रिकामा करावा लागतो. दप्तर नाहीसे होण्याचे मूळ कारण हे आहे. अनास्था त्याच्या पुढची गोष्ट.

दप्तराचे प्रकार : सर्वांत मोलाची इतिवृत्ताची वही. लांबट, जाड पुठ्ठ्याची. तिची भाषा ठरलेली असते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले, मग ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. शेवटी आयत्या वेळचे विषय आणि अध्यक्षांची सही. वाचकाने थांबायचे ते या आयत्या वेळच्या विषयांपाशी. हॉल एकच आणि तारीखही तीच, तेव्हा नाटकाची तालीम आधी की गरब्याची, पाहुण्यांच्या चहापाण्याचा खर्च कोणत्या मंडळाच्या नावे टाकायचा, काव्यवाचनात इतर भाषांच्या मुलांना घ्यायचे का, असे प्रश्न तिथे निघतात. सहजीवन हा मोठा शब्द आहे. तो प्रत्यक्षात कसा चालतो हे या चार ओळींत कळते. वहीच्या जोडीला जमाखर्च आणि व्हाउचरे असतात. मंडपवाला, छापखाना, हार्मोनियमचे भाडे यांच्या पावत्यांवरून कार्यक्रमाचा आकार समजतो.

दुसरे साधन महाविद्यालयाचा वार्षिक अंक. छापील असल्याने तो सर्वांत जास्त टिकला. इंग्रजी, मराठी, हिंदी, गुजराती, कधी संस्कृत किंवा उर्दू असे त्याचे विभाग असतात. प्रत्येकाचा विद्यार्थी संपादक वेगळा आणि बहुधा पृष्ठांकही वेगळे. मधोमध आर्ट पेपरवर मंडळांची छायाचित्रे : बसलेले डावीकडून, उभे डावीकडून, अनुपस्थित अमुक. एकाच महाविद्यालयाचे तीस वर्षांचे अंक ओळीने मांडून विभागांची पाने मोजावीत. मराठी आणि गुजराती माध्यमाच्या शाळा ओस पडत गेल्याचा परिणाम त्या आकड्यांत दिसतो. नावेही पाहावीत. मराठी मंडळाच्या यादीत गुजराती, तमिळ किंवा कोकणी ख्रिस्ती आडनाव दिसले की मंडळाचा उंबरा किती रुंद होता ते उमगते. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १४ सप्टेंबरचा हिंदी दिन आणि २४ ऑगस्टची नर्मद जयंती या तिन्ही कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिका एकाच फाइलमध्ये असतील, तर ती फाइल संशोधकाला पर्वणीच.

भित्तिपत्रक आणि हस्तलिखित अंक यांची एकच प्रत असते, म्हणून त्यांची हानी कायमची. एकांकिकांचे तसे नाही. स्पर्धेत उतरण्यासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी संहिता दाखल करावी लागते. त्यामुळे महाविद्यालयाने हरवलेल्या संहितेचा माग सरकारी दप्तरात लागण्याची शक्यता राहते. ज्या परिनिरीक्षणावर नाटकवाल्यांचा इतका राग, त्यानेच अभ्यासकाला हा आधार दिला.

विद्यार्थिनींच्या मंडळांची नोंद निराळी करावी लागते. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापलेल्या महिला विद्यापीठाने, म्हणजे आजच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने, मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला. त्याचा एक परिसर जुहूला आहे. संमिश्र महाविद्यालयांत मात्र मुलींची नावे छायाचित्राखाली येतात आणि इतिवृत्तात क्वचित. ही उणीव बोलत्या आठवणींनीच भरून निघेल. त्या कामाचा नमुना उपनगरातच आहे. नीरा देसाई, मैत्रेयी कृष्णराज आणि सी. एस. लक्ष्मी यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या ‘स्पॅरो’ या दहिसरच्या संग्रहालयाने स्त्रियांच्या मुलाखती, छायाचित्रे आणि कागद अनेक भाषांतून जमवले आहेत.

नाश आणि जतन : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कलिना, कुर्ला भागात तळमजले पाण्याखाली गेले. पण पुरापेक्षा रद्दीने जास्त कागद नेले. इमारतींची डागडुजी, वाढीव वर्गखोल्या, स्टाफरूमची फेररचना अशा प्रत्येक वेळी आधी जुनी कपाटे बाहेर निघतात. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुका थांबल्या, तशी जाहीरनामे आणि प्रचारपत्रके ही दप्तराची एक चुरचुरीत शाखाच आटली. राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेच्या तपासणीसाठी आता प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल आणि छायाचित्रे संगणकात ठेवली जातात. कागद वाढले, ही चांगली गोष्ट. मात्र या अहवालांत कार्यक्रम झाला एवढेच उरते. मुले काय बोलली, कोणत्या ठरावाला कोणी विरोध केला, हे त्यात येत नाही. जुन्या वहीची जागा हा अहवाल घेऊ शकत नाही, म्हणून सभा झाली की इतिवृत्त हाताने लिहिण्याची प्रथा मंडळांनी पुन्हा सुरू करावी.

माजी कार्यवाह आणि निवृत्त प्राध्यापक यांच्या घरी अशा वह्या, अंक आणि छायाचित्रे अजून आहेत. ज्यांच्याकडे ती असतील त्यांनी छायाचित्रामागे मऊ पेन्सिलीने साल आणि नावे लिहावीत, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंडता स्वच्छ सुती कापडात बांधावी आणि आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे पोच घेऊन सुपूर्त करावी.