संगणक आणि स्मार्टफोन : निगा व सुरक्षा

घरातला संगणक, लॅपटॉप आणि स्मार्टफोन चालू स्थितीत ठेवणे आणि त्यांत साठलेली माहिती नाश, चोरी व गैरवापर यांपासून वाचवणे, अशी दोन कामे या विषयात येतात. पहिल्या कामात गाठ पडते ती धूळ, उष्णता, ओल आणि वीज यांच्याशी; दुसऱ्यात माणसांशी. नवा फोन घेतला की त्याच दिवशी टेंपर्ड ग्लास आणि कव्हर चढते. फोटोंची दुसरी प्रत ठेवण्याचा विचार मात्र बहुतेकांना फोन हरवल्यावर सुचतो. फोन दुकानात पुन्हा मिळतो. बारशाचे फोटो किंवा वारलेल्या आजोबांच्या आवाजातला निरोप मिळत नाही. म्हणून निगेची सुरुवात उपकरणापासून नव्हे, आतल्या माहितीपासून करायला हवी.

बॅकअपचा सर्वांत सोपा नियम ३-२-१ या आकड्यांत सांगितला जातो. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो रूढ केला. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. म्हणजे मूळ फोटो फोनमध्ये, दुसरी प्रत बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर. क्लाउड नको असेल तर दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलीकडे किंवा भावाकडे ठेवलेली डिस्कही चालते. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेवावी. ती कायम जोडलेली राहिली तर विजेच्या झटक्यात संगणकाबरोबर तीही जाते, आणि खंडणी मागणारा व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, संगणकातल्या फायलींबरोबर डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करतो.

क्लाउडबाबत एक गैरसमज हमखास आढळतो. गूगल फोटोजमध्ये फोटो आपोआप साठतात हे खरे. पण त्याच ॲपमधून फोटो डिलीट केला की तो फोनमधून आणि क्लाउडमधून असा दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, नंतर कायमचा पुसला जातो. शिवाय सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून राबवायला घेतले. दिवंगत नातेवाइकाच्या खात्यात कुटुंबाचे फोटो पडून असतील, तर ते वेळीच उतरवून घ्यावेत.

एकमेकींशी आपोआप जुळणाऱ्या प्रती आणि खरा बॅकअप यांतला फरक किती महागात पडतो, हे २७ जून २०१७ रोजी जगाने पाहिले. त्या दिवशी युक्रेनमधून पसरलेल्या नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पाडले. कंपनीच्या समूहाकडे असलेल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे कामही ठप्प झाले आणि उरणच्या रस्त्यांवर कंटेनरचा खोळंबा झाला. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणत्या संगणकात प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर कंपनीकडे होते. ते एकमेकांची नक्कल ठेवत असल्याने वेगळा बॅकअप कोणी घेतला नव्हता, आणि हल्ल्यात ते जवळपास सगळे एकदम पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो सर्व्हर बंद होता. इंटरनेटवरून एवढी माहिती पाठवायला फार दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून हार्ड डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती देऊन लंडनला आणली गेली. कंपनीने पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले.

बॅकअप घेतला म्हणजे काम संपले असेही नाही. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’च्या बहुतेक फायली एका चुकीच्या कमांडने पुसल्या गेल्या, तेव्हा बॅकअपही सदोष निघाला. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. तान्ह्या बाळामुळे त्या घरून काम करत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. म्हणून दोन-तीन महिन्यांनी बॅकअपमधली एखादी फाइल उघडून पाहावी. फोटो दिसला, व्हिडिओ चालला, तरच तो बॅकअप.

बॅकअपनंतर महत्त्व अपडेटचे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या रॅन्समवेअरने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक बंद पाडले आणि इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिच्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला मोफत दिला होता. ज्यांनी दोन महिन्यांत अपडेट घेतले, ते वाचले. विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले; त्यावर चालणारा संगणक बंद पडत नाही, पण नव्याने सापडणाऱ्या त्रुटी त्यात उघड्या राहतात. अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. फोनमध्ये ‘अबाउट फोन’ या भागात सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती वर्ष-दीड वर्ष जुनी असेल तर त्या फोनलाही हाच नियम लावावा. अपडेट नेहमी सेटिंग्जमधूनच घ्यावे. ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, येथे दाबा’ अशी पाटी एखाद्या वेबसाइटवर झळकली तर ती खोटी समजावी.

अँटिव्हायरसच्या क्षेत्रात पुण्याचे नाव आवर्जून घ्यावे लागते. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकलेले त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९०च्या दशकात ग्राहकांचे व्हायरस लागलेले संगणक दुरुस्त करता करता स्वतःचे अँटिव्हायरस बनवले. त्यातून उभी राहिलेली क्विक हील ही कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. आज विंडोजमध्ये डिफेंडर अंगभूत येतो आणि घरगुती वापरासाठी तो बहुतेकदा पुरतो. एका संगणकावर दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नयेत. फुकटात मिळालेले चोरीचे सॉफ्टवेअर आणि ते चालू करून देणारे ‘क्रॅक’ हा व्हायरस घरात आणण्याचा सर्वांत जुना रस्ता आहे.

बॅटरीविषयीचे बरेच समज जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातले आहेत. नवा फोन आठ तास चार्ज करावा, बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जर लावू नये, हे त्यांतलेच. आजच्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्या मूळ संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या बॅटरीला पूर्ण उतरणे सोसत नाही आणि दीर्घकाळ शंभर टक्के भरून राहणेही सोसत नाही. २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ती जास्त टिकते. ॲपलच्या माहितीनुसार आयफोन १४ व आधीच्या फोनची बॅटरी ५०० आणि आयफोन १५ पासूनची १,००० पूर्ण चार्जिंग आवर्तनांनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली असते. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच चालत असेल, तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय अनेक कंपन्या सेटिंग्जमध्ये देतात. ती चालू करावी. महिनोन् महिने न वापरायचे उपकरण निम्मे चार्ज करून बंद ठेवावे.

बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता. ॲपल आयफोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानते, आणि चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर फोन त्याहूनही तापतो. अशा फोनला लगेच चार्जर लावू नये, आणि फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नये, कारण आत दव धरते. कव्हर काढून, फोन बंद करून सावलीत ठेवणे पुरते. फोनची पाठ उचलली गेली, लॅपटॉपचे टचपॅड वर आले किंवा तो टेबलावर डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. ती काढायचे काम दुकानदाराचे. चार्जर आणि पॉवर बँकवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो खरा की खोटा हे तपासता येते.

लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या अंगावर बोट फिरवले तर कधीकधी मुंग्या आल्यासारखे होते. ती चार्जरमधून झिरपणारी अत्यल्प वीज असते. तीन पिनांच्या चार्जरवरही असे होत असेल, तर घराचे अर्थिंग नीट नाही अशी शंका घेऊन वायरमनकडून ते तपासून घ्यावे, कारण अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डही आपले काम पुरते करू शकत नाही. स्पाइक गार्डमधला वाढीव दाब शोषणारा भाग प्रत्येक झटक्यागणिक झिजतो. बाजारात स्पाइक गार्ड म्हणून विकले जाणारे कित्येक बोर्ड नुसते एक्स्टेंशन असतात. जवळ पडलेल्या विजेपुढे कोणताही बोर्ड टिकत नाही. वळवाचा गडगडाट सुरू होताच प्लग काढावा आणि ब्रॉडबँडची वायर तांब्याची असेल तर तीही काढावी. राउटरमधून आलेला झटका संगणक जाळतो.

पाण्याबाबत आयपी ६७, आयपी ६८ या खुणांवर फार विसंबू नये. या चाचण्या प्रयोगशाळेत, गोड्या पाण्यात आणि नव्या फोनवर होतात. फोन एकदा पडला किंवा उघडला गेला की त्याचे सील पूर्वीसारखे राहत नाही. मालवण किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावरचे खारे पाणी चार्जिंगच्या खोबणीत शिरले तर गंज झपाट्याने चढतो. फोन भिजला की आधी बंद करावा, सिमचा ट्रे काढावा, खोबण खाली करून हलके ठोकावे आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवावे. चार्जर लावू नये. फोन तांदळात ठेवण्याचा उपाय ॲपलने २०२४ मध्ये स्पष्ट शब्दांत नाकारला, कारण तांदळाचे बारीक कण खोबणीत अडकतात. खारे पाणी, चहा किंवा सरबत आत गेले असेल तर वाट न पाहता दुरुस्तीवाल्याकडे न्यावे.

धुळीचा त्रास डेस्कटॉप व लॅपटॉपला अधिक. गादीवर किंवा उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी झाकली जाते, पंखा किंचाळू लागतो आणि गरम झालेला प्रोसेसर स्वतःहून गती कमी करतो. मालकाला वाटते, लॅपटॉप जुना झाला. वर्षातून एकदा ब्लोअरने धूळ काढावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवावीत, नाहीतर भलत्या वेगाने फिरून ती बिघडतात.

फोन चोरीला गेला तर आयएमईआय क्रमांक लागतो. *#०६# डायल केले की तो पडद्यावर येतो. तो डायरीत लिहून ठेवावा. हरवलेला फोन देशभरातल्या सर्व नेटवर्कवर बंद करण्याची केंद्र सरकारची यंत्रणा २०२३ पासून ‘संचार साथी’ पोर्टलवर सर्वांना खुली आहे. तिथे पोलिसांतील तक्रारीची प्रत जोडावी लागते. फोन दुरुस्तीला देताना सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे, आणि काही फोनमध्ये असलेला ‘मेंटेनन्स मोड’ किंवा ‘रिपेअर मोड’ चालू करावा; त्यात दुरुस्तीवाल्याला फोटो आणि संदेश दिसत नाहीत. विकण्याआधी गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडून फॅक्टरी रीसेट करावे.

आता मुख्य धोका माणसांचा. लग्नपत्रिका, वाहनाचे चलान किंवा थकीत वीजबिल यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाइल येते. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे ॲप, आणि ते बसवताच ओटीपीचे एसएमएस परस्पर चोराकडे जाऊ लागतात. असे ॲप चुकून बसले तर फोन लगेच फ्लाइट मोडवर टाकावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि मगच साफसफाई करावी. ईमेलचा पासवर्ड इतर कोणत्याही खात्याला वापरू नये, कारण बाकी सगळे पासवर्ड त्याच ईमेलवरून बदलता येतात. पासवर्ड ठरावीक काळाने उगाच बदलण्याची सक्ती नको, असे अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितले. त्याऐवजी तो लांब असावा आणि ईमेल, बँक व व्हॉट्सॲप यांना दुहेरी पडताळणी लावावी.

पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तत्काळ फोन करावा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी गोठवता येतात, म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. लाज वाटून गप्प बसणारे अनेक जण हीच वेळ गमावतात, आणि त्यांत ज्येष्ठ मंडळी बरीच असतात. घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हा क्रमांक आजच सेव्ह करून द्या, आणि फसवणूक झाली तर घरात कोणी रागावणार नाही, हेही त्यांना सांगून ठेवा.