बंकेय : एका अधिकाऱ्याचा सन्मान आणि कोन्नूरचा शिलालेख

दक्षिण भारतातील जैन धर्माच्या इतिहासात राष्ट्रकूट काळाचे स्थान अनन्यसाधारण आहे. सम्राट पहिला अमोघवर्ष (इ. स. 814 ते 878) याच्या लेखांत ‘लट्टलूर नगरीचा स्वामी’ अशा अर्थाचे बिरुद येते. हे लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, असे बहुतेक संशोधक मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधारचा ‘जगत्तुंग समुद्र’ हा तलावही याच घराण्याची स्मृती जपतो. आचार्य जिनसेनांना गुरुस्थानी मानणाऱ्या या राजाच्या पदरी बंकेय नावाचा एक कर्तबगार अधिकारी होता.

मुकुल कुळातील बंकेयाकडे बनवासी प्रांताचा कारभार होता. गंगवाडीच्या मोहिमेत त्याने केदाळचा दुर्ग जिंकला व कावेरी ओलांडली. विजय दृष्टिपथात असतानाच राज्यात बंडाळी माजली आणि राजाने त्यास माघारी बोलाविले. हाती आलेले यश बाजूला ठेवून तो तत्काळ परतला. तीन महिन्यांत कार्यसिद्धी न झाल्यास अग्निप्रवेश करीन, अशी त्याची प्रतिज्ञा होती. बंड मोडले गेले व राज्य सावरले.

अशा सेवकाचा गौरव कसा करावा? बंकेयाने स्वतःसाठी काही मागितले नाही. कोलनूर येथे त्याने एक जिनालय उभारले होते. त्याच्या विनंतीवरून अमोघवर्षाने शके 782, म्हणजे इ. स. 860 च्या आश्विन पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी, तळेयूर हे गाव व इतर काही गावांतील जमीन त्या जिनालयासाठी देवेंद्र मुनींच्या स्वाधीन केली. अधिकाऱ्याच्या सेवेचे फळ अशा रीतीने संपूर्ण संघास लाभले.

या दानाचा मूळ लेख ताम्रपटावर होता. सुमारे तीन शतकांनंतर, बाराव्या शतकात, कोलनूरच्या हुलियमरस या स्थानिक अधिकाऱ्याच्या व इतरांच्या विनंतीवरून वीरनंदी मुनींनी तो दगडावर कोरवून घेतला. आज तोच लेख कर्नाटकातील गदग जिल्ह्यातील कोन्नूर येथील शिलालेख म्हणून प्रसिद्ध आहे. एका अधिकाऱ्याने केलेले सत्कार्य दुसऱ्या अधिकाऱ्याने असे जतन केले. हुलियमरसाने ही दक्षता घेतली नसती, तर बंकेयाचे हे दान कदाचित आपल्याला ठाऊकही झाले नसते.

बंकेयाचा पुत्र लोकादित्य यानेही जिनधर्माची सेवा केली. आचार्य गुणभद्रांच्या उत्तरपुराणाच्या प्रशस्तीत शके 820 चा व त्याच्या बंकापूर नगरीचा उल्लेख आहे. पित्याच्या नावावरूनच त्या नगरीस हे नाव मिळाले, असेही त्या प्रशस्तीत नमूद आहे.

आपल्या मराठवाड्यातही अनेक पाटील, कुलकर्णी, पटवारी व विश्वस्तांनी पिढ्यानपिढ्या देवस्थानांच्या जमिनी, दाननोंदी आणि हिशेब निष्ठेने सांभाळले. त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला शिलालेख आला नाही. त्यांची नावे जुन्या वह्यांत, दानपत्रांत आणि मंदिराच्या पायरीवरील पुसट अक्षरांतच उरली आहेत. ती अक्षरे पुसली गेल्यास, कोणी काय दिले व कोणी ते राखले, हे पुढील पिढीस सांगता येणार नाही. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी या नोंदी एकत्र करून त्यांची नवी प्रत सिद्ध करणे, हाच त्या ज्ञात-अज्ञात सेवकांचा खरा सन्मान ठरेल. हुलियमरसाने घालून दिलेला धडाही हाच आहे.

॥ जैनं जयतु शासनम् ॥