‘पेमेंट सक्सेसफुल’ झाले, पण पैसे कुठे आहेत? छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांपुढचे धोके

समजा, बेळगावातले एक घरगुती व्यावसायिक स्वतःच्या वेबसाइटवरून कुंदा विकतात. पणजीच्या ग्राहकाने कार्डाने पाचशे रुपये भरले, ‘पेमेंट सक्सेसफुल’ असा मेसेजही आला. पण ते पैसे अजून विक्रेत्याचे झालेले नसतात. ते आधी पेमेंट अ‍ॅग्रीगेटर कंपनीच्या एस्क्रो खात्यात जातात आणि शुल्क व त्यावरचा १८ टक्के जीएसटी कापून सहसा एक-दोन कामकाजाच्या दिवसांनी पुढे येतात. हे एस्क्रो खाते रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० च्या नियमावलीने सक्तीचे केले. त्यामुळे कंपनीला तो पैसा स्वतःसाठी वापरता येत नाही. मात्र संशय आल्यास सेटलमेंट रोखून धरण्याची मुभा करारात कंपनीकडे असते, आणि करार पूर्ण वाचतो कोण?

पॅनवरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव जुळले नाही, दिवाळीत ऑर्डरी एकदम दहापट झाल्या, एवढेही कारण पुरते. दूध-साखरेची उधारी चुकवायच्या आठवड्यातच पैसे अडकतात. ग्राहकाने ‘माल मिळालाच नाही’ म्हणून आपल्या बँकेकडे तक्रार केली, म्हणजे चार्जबॅक टाकला, तर पुरावा विक्रेत्यानेच द्यायचा. कुरिअरची पावती नसेल तर कुंदाही गेला आणि पैसेही.

कधी अडचण कंपनीचीच असते. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले आणि तिच्यावर अवलंबून असलेले फोनपे जवळपास दिवसभर बंद पडले. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे घेण्याची सेवा बंद केली. पेटीएम पेमेंट्स बँकेत १५ मार्च २०२४ नंतर पैसे जमा होणे थांबले. ज्यांचा क्यूआर त्या खात्याला जोडलेला होता, त्यांना घाईने दुसरी बँक शोधावी लागली.

सगळ्यात त्रासदायक प्रकार थेट यूपीआय घेणाऱ्यांच्या वाट्याला येतो. सायबर फसवणुकीतला पैसा खात्याखात्यांतून फिरतो. त्यातलेच पाचशे रुपये कुणी कुंद्यासाठी दिले आणि फसलेल्या माणसाने १९३० वर तक्रार केली, की साखळीतल्या विक्रेत्याचे खातेही गोठू शकते. तक्रार तेलंगणात, खाते कर्नाटकात, धंदा निम्मा गोव्यात. मग हेलपाटे आलेच. अशा वेळी बँकेकडून तक्रार क्रमांक आणि पोलिस ठाण्याचे नाव लेखी घ्यावे आणि वादातल्या रकमेपुरताच लिएन ठेवा, असा अर्ज द्यावा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत बँकांना त्या रकमेपुरतीच कारवाई मर्यादित ठेवायला सांगितले होते.

जाणते विक्रेते म्हणून वसुलीचे खाते वेगळे ठेवतात. रोज संध्याकाळी त्यातली रक्कम घरखर्चाच्या किंवा मालाच्या खात्यात वळवतात. दुसऱ्या कंपनीचा गेटवेही आधीच मंजूर करून ठेवतात, कारण केवायसीला कित्येक दिवस लागतात. डिसेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेझरपे आणि कॅशफ्री यांना नवे व्यापारी घेण्यास मनाई केली, ती उठायला वर्ष लागले. जुन्या व्यापाऱ्यांचे व्यवहार तेव्हा चालू राहिले. अडले ते ऐनवेळी अर्ज घेऊन आलेले.